इंजिन बसेल, अडेल तो त्याचा गोतावळा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. १९५७ ची शेवरोले बेल एअर, दोन दारांची हार्डटॉप. मूळ फ्रेम गंजून चाळण झालेली, म्हणून आधीच्या मालकाने बाहेरच्या कंपनीची नवी फ्रेम आणली. बंद चौकोनी रेल, पुढे रॅक अँड पिनिअन स्टेअरिंग, चारही कोपऱ्यांत कॉइलओव्हर (शॉकभोवतीच बसवलेली स्प्रिंग), मागे फोर्डच्या नऊ इंची पद्धतीचं अॅक्सल हाउसिंग. त्याचा उत्साह तिथेच संपला आणि अर्धवट गाडी ओहायोत तुमच्या गॅरेजात आली. फ्रेमवरचे इंजिन माउंट स्मॉल-ब्लॉकसाठी, म्हणजे शेवरोलेच्या लहान अंगाच्या व्ही-८ साठी, लावलेले आहेत आणि तुम्ही आणलंय ५०२ घनइंचाचं बिग-ब्लॉक, त्याचा थोरला भाऊ. एक गॅरेजवाला म्हणतो, "बोल्ट सारखेच आहेत, उचला आणि ठेवा." दुसरा म्हणतो, "फायरवॉल कापल्याशिवाय होणारच नाही." (फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातला पत्रा.) आणि तुम्ही विचारताय, काका, खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलताहेत, अर्धं अर्धं. ('काका'बद्दल राग नाही. दाढी पांढरी झालीच आहे.)

मी मूळचा कोल्हापूरचा, वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. गेली वीसेक वर्षं मिशिगनमध्ये आहे आणि त्यातली बरीचशी जुन्या गाड्यांच्या एका लहान शॉपमध्ये फॅब्रिकेशन करण्यात गेली. ५५, ५६, ५७ च्या शेवी, ज्यांना इथे 'ट्राय-फाइव्ह' म्हणतात, त्या मी नव्या फ्रेमवर चढवल्यात आणि त्यांच्यात इंजिनंही बसवलीत. स्मॉल-ब्लॉक, एलएस (जनरल मोटर्सचं नंतरच्या पिढीचं व्ही-८) आणि चार वेळा बिग-ब्लॉक. त्या चारांतलं पहिलं काम मी बिघडवलं होतं. ते पुढे सांगतोच, कारण तुम्ही नेमकं त्याच वळणावर उभे आहात.

इंजिन फ्रेममध्ये बसेल का, असं तुम्ही विचारलंय. फ्रेम म्हणजे दोन रेल आणि मधला क्रॉसमेंबर. त्यांच्यात इंजिन बहुतेक वेळा बसतंच. अडतो तो इंजिनाचा गोतावळा. मागे डिस्ट्रिब्युटर, खाली ऑइल चेंबर, दोन्ही कुशींना हेडर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, पुढे पाण्याचा पंप आणि पंखा, डोक्यावर एअर क्लीनर. आणि यातलं बरंचसं ज्याला अडतं ती फ्रेम नव्हे, बॉडी असते. फायरवॉल बॉडीची, बॉनेट बॉडीचं, ब्रेक बूस्टर (ब्रेकचा जोर वाढवणारा डबा) बॉडीला, स्टेअरिंग कॉलम बॉडीतून येणारा. म्हणून उघड्या फ्रेमवर इंजिन ठेवून "बसलं!" म्हणणं म्हणजे मुलीकडच्यांना न विचारता मुहूर्त काढण्यासारखं आहे.

आता बोल्ट सारखे असूनही फरक कुठे पडतो ते बघा. स्मॉल-ब्लॉक आणि बिग-ब्लॉक दोघांच्या कुशीत माउंटसाठी तीन भोकं असतात, त्यांची मांडणी एकच. गिअरबॉक्सकडचे बोल्टही जुळतात. पहिला गॅरेजवाला इथवर बरोबर आहे. पण स्मॉल-ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ४.४० इंच असतं, बिग-ब्लॉकमध्ये ४.८४. एका रांगेत चार सिलिंडर, म्हणजे अशी तीन अंतरं. नुसती सिलिंडरची रांगच १.३२ इंचांनी लांबली. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत स्मॉल-ब्लॉकला ९.०२५ इंच लागतात, तुमच्या ५०२ ला ९.८. ही उंची पंचेचाळीस अंशांत कललेली असल्यामुळे प्रत्येक हेड साधारण अर्धा इंच बाहेर आणि अर्धा इंच वर सरकतं. शिवाय ते हेड स्मॉल-ब्लॉकच्या हेडपेक्षा मुळातच रुंद. वजनाचं म्हणाल तर बिडाची हेडं असतील तर शंभरेक पौंड जास्त, म्हणजे पंचेचाळीस किलो, आणि तेही पुढच्या चाकांवर.

कारखान्याने या गाडीत १९५५ ला २६५ घनइंचाचं व्ही-८ घातलं, ५७ पर्यंत ते २८३ झालं. तुम्ही ज्याला बिग-ब्लॉक म्हणताय ते इंजिन जन्मलं १९६५ ला, ३९६ म्हणून. ५०२ म्हणजे ८.२ लिटर. ज्या माणसाने ही फायरवॉल आखली त्याच्या स्वप्नातही एवढं धूड नव्हतं.

इथे एक सापळा आहे, त्यात चांगले चांगले अडकतात. कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं, '१९५५ ते ५७ शेवरोले, बिग-ब्लॉक हेडर'. तुम्हाला वाटतं, माझी गाडी ५७ ची, इंजिन बिग-ब्लॉक, झालं काम. पण तो हेडर मूळ फ्रेम आणि मूळ स्टेअरिंग बॉक्स धरून वळवलेला असतो. तुमच्या गाडीत त्या दोन्ही गोष्टी नाहीत. तुमची गाडी ५७ ची आहे ती फक्त पत्र्यापुरती. खालून ती त्या फ्रेमवाल्याची गाडी आहे. हेच ऑइल चेंबरचं, हेच स्टेअरिंग शाफ्टचं. म्हणून पैसे खर्चण्याआधी फ्रेमवाल्याला फोन लावा. रेलवर नंबर कोरलेला असेल तर तो द्या आणि विचारा: ही फ्रेम ऑर्डर करताना कुठलं इंजिन आणि कुठला गिअरबॉक्स सांगितला होता, क्रँकची मध्यरेषा फ्रेमच्या मध्यरेषेवर आहे की बाजूला, आणि बिग-ब्लॉकसाठी तुम्ही स्वतः कुठला हेडर आणि कुठलं चेंबर वापरता. अशा फ्रेमा शक्यतो इंजिन विचारून बनवतात, त्यामुळे उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. दहा मिनिटांचा फोन आहे. आपल्या लोकांना फोन करायला का लाज वाटते कोण जाणे, व्हिडिओ मात्र रात्रभर बघतील.

आता माझी चूक. ५६ ची गाडी होती, माझी स्वतःचीच, नशीब. फ्रेम घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, बॉडी गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात. बिग-ब्लॉक चेन-कप्पीला लटकवला, पाणसळ लावली, ओळंबा सोडला, डावं-उजवं मोजलं. इतकं सुरेख बसलं की त्याच दुपारी माउंटना पूर्ण वेल्डिंग मारलं आणि फ्रेम पावडर कोटिंगला पाठवली. दोन महिन्यांनी चार मित्र बोलावून बॉडी खाली सोडली. शेवटचे तीन इंच राहिले असताना मागून 'टक्' असा आवाज आला. डिस्ट्रिब्युटरची टोपी फायरवॉलला टेकली होती. टोपी मोठ्या घेराची, एचईआय पद्धतीची, जिच्यात कॉइल टोपीतच असते. पुढे कळलं की मी बॉडी माउंटची रबरं हिशेबात धरलीच नव्हती, त्यामुळे उंचीही चुकली होती. माउंट ग्राइंडरने कापले, रेल घासले, पुन्हा वेल्डिंग, पुन्हा कोटिंग. पावडर कोटिंग जळल्याचा वास कधी घेतलाय का? घेऊ नका.

त्यानंतर मी एकच क्रम पाळतो. बॉडी फ्रेमवर, खऱ्या रबरांसकट आणि बोल्ट आवळून. पुढचे फेंडर, रेडिएटरचा सपोर्ट, बॉनेट, सगळं जागेवर. फ्रेम घोड्यांवर, पण कुठल्याही उंचीवर नाही. गाडी रस्त्यावर ज्या कलाने उभी राहणार त्याच कलाने. फ्रेमवाला राइड हाइटचं माप देतो. कॉइलओव्हर काढून त्यांच्या जागी त्या लांबीच्या लोखंडी पट्ट्या बोल्टने लावा, म्हणजे सस्पेन्शन तिथेच थिजून राहतं. मग इंजिन. पण तुमचं नवं कोरं ५०२ नाही! भंगारातला रिकामा ब्लॉक आणि दोन फुटकी हेडं आणा, किंवा फोमचा नकली ब्लॉक मिळतो तो घ्या. तो एका हाताने उचलता येतो, आणि तुम्हाला इंजिन किमान वीस वेळा वर-खाली करायचंय. त्याला डिस्ट्रिब्युटर, मॅनिफोल्ड, पाण्याचा पंप, पुल्या, सेल्फ (स्टार्टर), ऑइल चेंबर, हेडर आणि मागे खरा गिअरबॉक्स, एवढं लावायचंच. वायरिंग आणि पाइप नंतर.

आता इंजिन लटकतं ठेवून ते कुठे उभं राहू इच्छितं ते बघायचं. मी मागून सुरू करतो. डिस्ट्रिब्युटर आणि फायरवॉल यांच्यात मुलांच्या खेळण्यातली माती चेंडूएवढी लावतो आणि इंजिन हळूच मागे ढकलतो. माती जेवढी दबली ती काढून व्हर्नियरने मोजली की खरं अंतर हातात येतं, डोळ्याने बघायला वाकावंही लागत नाही. अंतर एक इंच असेल तर मी खूश. अर्ध्या इंचाखाली असेल तर आधी टोपी बदला, लहान घेराचा डिस्ट्रिब्युटर घ्या. त्यातच बहुतेकांची फायरवॉल वाचते. आणि एक बघा, टोपी बसली म्हणजे झालं नाही. ती काढताही आली पाहिजे, क्लिपा सोडून, इंजिन जागेवर असताना.

तरीही नाही मावलं तर दोन वाटा. इंजिन पुढे घ्या, किंवा फायरवॉल मागे. दुसरा गॅरेजवाला सरळ दुसरी वाट सांगतोय. ती वाट चांगली आहे. वजन मागे सरकतं, पुढे पंख्याला जागा मिळते आणि गाडी वळणावर शहाण्यासारखी वागते. पण फायरवॉल दोन इंच मागे घेतली की ती कशाच्या अंगावर येते? डॅशमागच्या एसीच्या डब्याच्या, वायपरच्या यंत्रणेच्या, आणि बोगदा, म्हणजे गिअरबॉक्सवरचा फरशीचा उंचवटा, रुंदावला तर तुमच्या उजव्या पायाच्या. म्हणून हा निर्णय तुम्हाला एसी हवाय का यावर अवलंबून आहे. ओहायोत जुलैमध्ये बायको-मुलांना घेऊन क्रूझला जाणार असाल तर एसी हवाच आणि मग फायरवॉल सपाटच राहू द्या. एकट्याने ड्रॅग स्ट्रिपवर जाणार असाल तर कापा खुशाल.

पुढची बाजू तुलनेने सोपी. या गाड्यांत सहा सिलिंडरचं इंजिन असलं की रेडिएटर सपोर्टच्या पुढे बसायचा आणि व्ही-८ असलं की मागे. त्याला पुढच्या, म्हणजे सहा सिलिंडरच्या जागी न्या, अडीच-तीन इंच मोकळे होतात. बिग-ब्लॉकला पाण्याचा पंप आखूड आणि लांब असे दोन प्रकारचे येतात, त्यांच्यात साधारण दीड इंचाचा फरक. आखूड घ्या, पण मग पुल्या आणि ब्रॅकेटही आखूड पंपाच्याच घ्याव्या लागतात. भेसळ केली तर पट्टा तिरका धावेल आणि तुम्ही महिनाभर आल्टरनेटर बदलत बसाल.

खालची बाजू. इंजिनाचं पोट क्रॉसमेंबरवर न टेकता, आणि ऑइल चेंबर क्रॉसमेंबरच्या खाली न लोंबता बसलं पाहिजे. चेंबर सगळ्यात खालचा भाग झाला तर पहिल्याच उंचवट्यावर तेल रस्त्यावर. शेवरोलेच्या या इंजिनांना तेलाचा खोलगट भाग मागे असतो, तो क्रॉसमेंबरच्या मागे पडतो, म्हणून जमतं. रॅक पुढे असेल तर आणखी बरं. इथे मी तीन-अष्टमांश इंच तरी ठेवतो.

आता मुख्य गोष्ट, डावी बाजू. ड्रायव्हरची बाजू इथे डावी, हे गावाकडच्या वाचकांसाठी.

याच बाजूला स्टेअरिंग शाफ्ट उतरतो, याच बाजूला ब्रेक बूस्टर आणि मास्टर सिलिंडर असतो, याच बाजूला हेडरच्या चार नळ्या खाली जातात. आणि अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन वर उचललं जातं तेही याच बाजूला. क्रँक पुढून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, ब्लॉक त्याच्या उलट पिळला जातो, म्हणजे डावा माउंट ताणला जातो आणि उजवा दाबला जातो. हा काही पुस्तकी बारकावा नाही. जनरल मोटर्सने १९७१ च्या अखेरीस याच कारणासाठी १९६५ पासूनच्या सुमारे ६७ लाख शेवरोले परत बोलावल्या होत्या. रबरी माउंट फाटला की इंजिन उचललं जायचं आणि थ्रॉटल उघडा अडकून बसायचा. इंजिन जागेवर धरून ठेवायला त्यांनी तेव्हा केबलचा बंध लावून दिला. तुमच्या ५०२ चा टॉर्क त्या काळातल्या बहुतेक इंजिनांपेक्षा जास्तच असणार.

तेव्हा गाडी उभी असताना हेडर आणि स्टेअरिंग शाफ्टमध्ये बोट जातंय यावर समाधान मानू नका. डाव्या बाजूला ब्लॉकखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावा आणि इंजिन रबरं ताणतील तेवढं उचला. मग बघा बूस्टर आणि टॅपेट कव्हर यांच्यात काय उरतं. एका गाडीत माझ्या हाताला उभं अंतर पाऊण इंच लागलं होतं, उचलल्यावर जेमतेम कागद जात होता. या मोजणीसाठी अर्थात रबर लावलेले खरे माउंट हवेत, फोमचा ब्लॉक चालणार नाही. माउंट घेताना आतून एकमेकांत गुंतणारे घ्या, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन सुटत नाही. बूस्टर अडत असेल तर सात इंची दुहेरी पडद्याचा लहान बूस्टर बघा. तुमच्या कॅमशाफ्टमुळे इंजिन आयडलला पुरेसा व्हॅक्यूम देत नसेल तर बूस्टर तसाही निकामीच ठरेल. तिथे पॉवर स्टेअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर लागतो. तो जागाही कमी घेतो, पण महाग आहे.

स्टेअरिंग शाफ्टसाठी मी झाडूची लाकडी दांडी वापरतो. पाऊण इंची, शाफ्टच्याच जाडीची. कॉलमच्या टोकापासून रॅकपर्यंत दांडी धरून वाट शोधायची. सरळ वाट मिळाली तर दोन युनिव्हर्सल जॉइंट पुरतात. एका जॉइंटने पस्तीस अंशांहून जास्त वळू नये. तिसरा जॉइंट लागला तर मधे फ्रेमला बेअरिंग लावून शाफ्टला आधार द्यायलाच हवा, नाहीतर स्टेअरिंग फिरवताना तो जॉइंट दोरीउड्या मारतो. आणि क्रम लक्षात ठेवा. आधी स्टेअरिंगची वाट ठरते, मग उरलेल्या जागेतून हेडर जातो. हेडर वळवता येतो, नळी कापून पुन्हा जोडता येते. आमच्या शॉपमध्ये एकाने उलटं केलं होतं. सुंदर हेडर आधी बनवला आणि मग शाफ्ट कसाबसा त्याच्या कडेने नेला. वेल्डिंग देखणं होतं. पण पूर्ण डावीकडे वळवल्यावर जॉइंटचा कान नळीला घासायचा. हेडर भंगारात गेला. माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये असल्या कामाला 'पितळी भांड्याला सोन्याचा मुलामा' म्हणायचे.

हेडर लावून झाला की प्लगचा पाना घ्या आणि आठही स्पार्क प्लग खरोखर काढून बघा. मग सेल्फचे दोन बोल्ट. मग तेलाचा फिल्टर. यांतली कुठलीही गोष्ट इंजिन उचलल्याशिवाय निघत नसेल तर ती आत्ता, वेल्डिंगचे नुसते टाके मारलेल्या अवस्थेत कळू दे, दोन वर्षांनी हायवेच्या कडेला नको.

गिअरबॉक्स आणि कोन यावर थोडं बोलायला हवं, कारण बिग-ब्लॉक मागे घेतलं की गिअरबॉक्सही मागे जातो. तुमच्याकडे जुना तीन गिअरचा टर्बो ४०० आहे की चार गिअरचा ४एल८०ई, हे लिहिलेलं नाही. दुसरा लांब आणि जाडजूड आहे, त्याला बोगद्याचा पत्रा कापावा लागेल असंच धरून चाला. इंजिन मागच्या बाजूला साधारण तीन अंश खाली कललेलं ठेवतात. जुन्या मॅनिफोल्डवरची कार्ब्युरेटरची बैठक हा कल धरूनच कापलेली असते, म्हणून बैठकीवर पाणसळ ठेवली की सपाट यायला हवी. मागे अॅक्सलचा पिनिअन त्याला समांतर. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युजे क्रॉसवर (युनिव्हर्सल जॉइंटवर) एक ते तीन अंशांचा कोन आणि दोन्हीकडचे कोन एका अंशाच्या आत सारखे, एवढं साधलं तर गाडी गुणगुणणार नाही. कोन अगदी शून्यही नको. क्रॉसमधल्या सुया हलल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात. इंजिन उजवीकडे एखादा इंच सरकवलेलं असेल तर घाबरू नका, स्टेअरिंगला जागा द्यायला ते मुद्दाम करतात. रेषा समांतर आहेत ना, एवढंच बघा.

बॉनेटचं लगेच सांगून टाकतो. एअर क्लीनरच्या कडेला चार ठिकाणी तीच माती लावा, बॉनेट हळू बंद करा, उघडा, मोजा. अर्धा इंच उरत नसेल तर खाली दबलेल्या तळाचा एअर क्लीनर मिळतो. बॉनेटला भोक पाडायचा विचार ५७ च्या गाडीत तरी करू नका. ते रूप बिघडवायला हात कसा धजतो मला कळत नाही.

स्प्रिंगांबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण विचारायला हवं होतं. तुमच्या फ्रेमवरचे कॉइलओव्हर बहुधा स्मॉल-ब्लॉकच्या वजनावर निवडलेत. शंभर पौंड पुढे वाढले की नाक बसेल आणि मग सगळे शॉकचे नट आवळून नाक वर आणायला जातात. त्याने उंची येते, स्प्रिंग कडक होत नाही. गाडी पूर्ण झाल्यावर चारही चाकांखालचं वजन मोजून घ्या आणि त्या आकड्यांवर पुढच्या स्प्रिंगा बदला. अॅल्युमिनियमची हेडं घेतलीत तर साठ-सत्तर पौंड वाचतात, म्हणजे ही निम्मी डोकेदुखी जाते.

आता अवघड बोलणं. तुमच्या जागी मी असतो तर ५०२ घेतलं असतं का? फ्रेम आधीच स्मॉल-ब्लॉकची आहे, पैसे मोजूनमापून आहेत, आणि तुम्हाला गाडी पुढच्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, चालवत न्यायचीय. तसं असेल तर अॅल्युमिनियम ब्लॉकचं एलएस३ जास्त शहाणपणाचं. ६.२ लिटर, २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये ४३० हॉर्सपॉवर, अंगाने लहान आणि तुमच्या इंजिनाहून दोनेकशे पौंड हलकं. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत, चेंबर, फ्युएल पंप, वायरिंग, पण त्या सुटलेल्या अडचणी आहेत, पेटीत मिळतात. मात्र ५०२ तुमच्याकडे आलेलंच आहे, आणि बॉनेट उघडल्यावर ते भलंमोठं टॅपेट कव्हर बघून माणसं जे काही पुटपुटतात त्यासाठीच तुम्ही हे करताय, हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. ते कारण मी खोटं मानत नाही. माझ्या ५६ मध्ये अजूनही बिग-ब्लॉकच आहे.

गावाकडून एक-दोघांनी मधेच विचारलंय की हे पुण्यात करता येईल का. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही आणि इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी लागते. इथेही सगळं मोकळं रान नाही, राज्याराज्याचे नियम आहेत. तुमच्या गाडीची ओळखपट्टी डाव्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर असते, फ्रेम बदलली तरी ती तिथेच राहते. रंगकामाच्या वेळी रंगाऱ्याला ती काढू देऊ नका, आणि टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या, नंबराशी जुळते की नाही ते आजच बघा.

तर माउंटला अजून हात लावू नका. आहेत त्या स्मॉल-ब्लॉकच्या माउंटवरच रिकामा ब्लॉक ठेवा, बॉडी वर घेऊन, रबरांसकट, आणि मला चार गोष्टी कळवा: डिस्ट्रिब्युटर ते फायरवॉल, चेंबर ते क्रॉसमेंबर, डावं टॅपेट कव्हर ते बूस्टर, आणि झाडूची दांडी सरळ जाते का. फोटो काढताना मापाची टेप चौकटीत येऊ द्या आणि उजेड मागून नको. फ्रेमवाल्याशी बोलणं झालं की तो गिअरबॉक्सबद्दल काय म्हणाला तेही लिहा, बोगदा कापायचा की नाही हे त्यावर ठरेल. पुढच्या आठवड्यात थंडी कडक आहे म्हणतात, मी गॅरेजात हीटर लावून बसलेलाच असेन.